साबणाच्या पाण्यातले साक्षीदार

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे पुणेकरांच्या 'एनसीएल'चे, पहिले संचालक साबणाचे अभ्यासक होते, हे आज फारसं कुणाला आठवत नाही. जेम्स विल्यम मॅकबेन हे त्यांचं नाव. जन्म १८८२चा, कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतातला. उमेदीची वर्षं इंग्लंडात ब्रिस्टलला गेली आणि पुढची कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्डला. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंनी पाषाणच्या त्या इमारतीचं उद्घाटन केलं तेव्हा मॅकबेन सदुसष्ट वर्षांचे होते. आयुष्यभर त्यांनी एका प्रश्नाचा पिच्छा पुरवला होता: साबण पाण्यात विरघळतो तेव्हा पाण्याच्या आत नेमकं काय घडतं?

प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. ब्रिस्टलमध्ये मॅकबेन आणि त्यांचे विद्यार्थी साबणाच्या द्रावणाची दोन मोजमापं करत होते. द्रावणातून वीज किती सहज वाहते, हे एक. त्याचा बाष्पदाब किती उतरतो, हे दुसरं. मिठाच्या पाण्यात ही दोन्ही मोजमापं एकच गोष्ट सांगतात, कारण दोन्ही सुट्या कणांच्या संख्येवर अवलंबून असतात. साबणाच्या पाण्यात मात्र ती एकमेकांच्या विरोधात जाऊ लागली. बाष्पदाब सांगे की कण अगदी थोडे आहेत. वीज सांगे की विद्युतभारित कण भरपूर आहेत. मॅकबेन यांनी १९१३ साली फॅरडे सोसायटीच्या चर्चेत यातून एक वाट काढली. साबणाच्या रेणूला पाण्याशी जमवून घेणारं डोकं असतं आणि पाणी टाळणारी लांब शेपटी. द्रावण पुरेसं दाट झालं की हे रेणू आपण होऊन एकत्र येतात आणि त्यांचे विद्युतभारित पुंजके बनतात. असा पुंजका म्हणजे मिसेल. कण मोजले तर एकच, पण त्याच्यावर भार अनेकांचा.

लंडनच्या एका सभेत त्यांनी ही कल्पना मांडली तेव्हा अध्यक्षांनी 'मॅकबेन, हा शुद्ध वेडेपणा आहे' अशा अर्थाचे शब्द काढून ती उडवून लावली, अशी कथा रसायनशास्त्रज्ञांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिला थोडं तिखटमीठ लागलं असेलही. पण त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांना हा विचार खटकणं साहजिक होतं. क्षार पाण्यात फुटून वेगळे होतात, हे नुकतं कुठे सर्वांच्या गळी उतरलं होतं. आणि इथे एक गृहस्थ सांगत होते की काही क्षार पाण्यात आधी फुटतात आणि मग, कुणीही न ढकलता, पुन्हा गोळा होतात.

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत मिसेल मान्य झाली, पण तिच्या आकारावरून भांडण जुंपलं. मॅकबेन यांना तिच्यात एकावर एक रचलेले थर दिसत होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले जी. एस. हार्टली म्हणत होते की ती गोलच असली पाहिजे: डोकी बाहेर पाण्याकडे, शेपट्या आत, आणि आतला गाभा तेलाच्या थेंबासारखा प्रवाही. हार्टली यांचं १९३६चं छोटेखानी पुस्तक या विषयाचा पाया ठरलं, आणि साध्या पातळ द्रावणांच्या बाबतीत कौल त्यांच्याच बाजूने लागला. मॅकबेन शेवटपर्यंत थरांना चिकटून होते. थोर माणसाच्या हट्टाचं उदाहरण म्हणून हे सांगायला हरकत नाही.

पण हे सगळे पुरावे बाहेरून गोळा केलेले होते. वीज, बाष्पदाब, पृष्ठताण या साऱ्यांतून अख्ख्या द्रावणाचा गोळाबेरीज हिशेब कळतो. पुंजका काही नॅनोमीटरचा, तोही सतत घडणारा आणि मोडणारा. सूक्ष्मदर्शकाखाली धरावा असा तो नव्हता. आत कुणीतरी जाऊन, परत न येता, तिथूनच बातमी कळवायला हवी होती.

पहिले आत गेले ते रंग. पाण्यात न विरघळणारा रंग साबणाच्या द्रावणात विरघळतो, कारण त्याला मिसेलच्या पोटात जागा मिळते. स्टॅनफर्डला मॅकबेन यांनीच मेरिल आणि व्हिनोग्राड या सहकाऱ्यांबरोबर १९४०च्या सुमारास यावर काम केलं. (यातले जेरोम व्हिनोग्राड पुढे डीएनएकडे वळले. मेसेलसन आणि स्टाल यांचा डीएनएच्या नकलीचा प्रसिद्ध प्रयोग ज्या घनता-पद्धतीवर उभा आहे, ती विकसित करणाऱ्यांत ते होते. साबणाच्या शाळेतून शिकलेला माणूस कुठे पोहोचेल, सांगता येत नाही.) मॅकबेन यांच्या पत्नी मेरी या ब्रिस्टलपासून त्यांच्या संशोधनातल्या सहकारी होत्या. पाण्यात न विरघळणारे पदार्थ मिसेलमध्ये कसे सामावतात, याच विषयावरचं एरिक हचिन्सन यांच्यासह लिहिलेलं त्यांचं पुस्तक १९५५ साली निघालं.

रंग फक्त 'मी आत आहे' एवढंच सांगतो. प्रकाश देणारा रेणू त्याहून बोलका असतो. काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश गिळतात आणि क्षणार्धात दुसऱ्या, जास्त तरंगलांबीच्या रंगाचा बाहेर टाकतात. हा गुण म्हणजे फ्लुओरेसन्स, प्रतिदीप्ती. केंब्रिजच्या जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ साली क्विनाइनच्या द्रावणावर सूर्यप्रकाशातले न दिसणारे अतिनील किरण पाडून तो उलगडला. आपल्याकडे पांढरे कपडे टिनोपालच्या पाण्यातून काढण्याची रीत होती, तिथेही हेच घडतं. टिनोपालचा रेणू उन्हातले अतिनील किरण घेतो, निळसर उजेड परत देतो, आणि पिवळट पडलेला सदरा पांढराशुभ्र दिसतो. म्हणजे महाराष्ट्रातल्या असंख्य न्हाणीघरांत मिसेल आणि फ्लुओरेसंट रेणू एकाच बादलीत नांदत होते. त्यांची गाठ प्रयोगशाळेत पडली ती मात्र युद्धामुळे.

१९४२च्या आरंभी जपानने मलाया घेतलं आणि अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा पुरवठा तुटला. कृत्रिम रबर बनवायचं होतं, आणि ते बनत होतं साबणाच्या पाण्यात. शिकागो विद्यापीठात विल्यम हार्किन्स यांना दिसत होतं की रबराची साखळी मिसेलच्या आत सुरू होते. मग मिसेल नेमक्या किती दाट द्रावणात तयार होते, हे पटापट मोजण्याची युक्ती हवी. या मर्यादेला 'क्रिटिकल मिसेल कॉन्सन्ट्रेशन', सीएमसी, म्हणतात. कॉरिन आणि हार्किन्स यांनी १९४६ साली दाखवलं की पिनासायनॉल क्लोराइडसारखा रंग द्रावणात थेंबभर घातला की मर्यादेपाशी त्याची छटा बदलते, आणि काही रंगांच्या बाबतीत प्रतिदीप्तीही बदलते. बाष्पदाबाची कटकट नको, नुसत्या डोळ्यांना दिसेल असा बदल. पद्धत झपाट्याने पसरली.

आणि मग कोलकात्याहून अमेरिकेला शिकायला गेलेल्या एका तरुणाने तिच्यात खोट काढली. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात कॅरल मायसेल्स यांच्या हाताखाली काम करणारे पशुपती मुखर्जी. १९५५ साली या दोघांनी एका लेखात ही पद्धत पुन्हा तपासली. पिनासायनॉलच्या रेणूवर धन भार आहे, साबणाच्या डोक्यावर ऋण. मिसेल बनण्याच्या आधीच हे दोघे एकमेकांना धरतात आणि रंग-साबणाचे स्वतःचे वेगळेच कण तयार होतात. छटा बदलते, ती बऱ्याचदा त्या कणांमुळे. म्हणजे जी गर्दी मोजायला साक्षीदार नेमला, ती त्यानेच जमवली होती! आकडे खऱ्यापेक्षा खाली येत होते. हा लेख मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यात नवं उपकरण नाही, नवा रेणू नाही. आहे तो फक्त संशय, पण नेमका आणि मोजून दाखवलेला.

मॅकबेन हा लेख वाचायला नव्हते. पुण्याची जबाबदारी १९५२ साली सोडून ते परतले आणि पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डला वारले.

त्याच सुमारास साबणाशी संबंध नसलेला एक माणूस या विषयाचं हत्यार घडवत होता. ग्रेगोरिओ वेबर, ब्वेनोस आयर्सचे, डॉक्टरीचं शिक्षण घेतलेले. युद्धकाळात केंब्रिजला आले आणि प्रथिनांच्या अभ्यासात प्रतिदीप्तीच्या मागे लागले. १९५४ साली त्यांनी आणि लॉरेन्स यांनी सांगितलं की अॅनिलिनोनॅफ्थलीन सल्फोनेट, थोडक्यात एएनएस, हा रेणू पाण्यात जवळजवळ अंधारात असतो. रक्तद्रवातल्या अल्ब्युमिन प्रथिनाला चिकटला की उजळतो. पाण्याच्या सहवासात त्याची ऊर्जा प्रकाश न होता वाया जाते, पाणी टाळणाऱ्या कोपऱ्यात ती वाचते. रेणू कुठे आहे हे सांगण्याच्या पुढे जाऊन तो जिथे आहे ती जागा कशी आहे, हेही प्रकाशातून वाचता येतं, ही दृष्टी मुख्यतः वेबर यांची. पुढे इलिनॉयला गेल्यावर शिनिट्झ्की वगैरे सहकाऱ्यांबरोबर १९७१ साली त्यांनी ती थेट मिसेलला लावली. सुटणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवीकरण मोजून त्यांनी काढलं की आतला रेणू किती मोकळेपणी गिरक्या घेतो. आतला भाग द्रवच निघाला, पण पाण्याहून कितीतरी चिकट.

पायरीनची गोष्ट जर्मनीत सुरू होते. पायरीन म्हणजे डांबरात सापडणारा चार कड्यांचा हायड्रोकार्बन. पाण्यात जेमतेम विरघळतो, लिटरमागे मिलिग्रॅमच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतका. स्टुटगार्टला थिओडोर फ्योर्स्टर आणि कास्पर यांनी १९५४ साली पाहिलं की पायरीनचं द्रावण पातळ असताना जांभळा उजेड देतं, दाट केलं की निळा. उत्तेजित झालेला एक पायरीन दुसऱ्या शांत पायरीनला येऊन भिडतो आणि क्षणभराची जोडी बनते. निळा उजेड त्या जोडीचा. या जोडीला पुढे 'एक्सायमर' नाव पडलं. १९६४ साली फ्योर्स्टर आणि त्यांचे विद्यार्थी बेन सेलिंगर यांनी पायरीन साबणी द्रावणात घातला. संपूर्ण भांड्याचा विचार केला तर पायरीन इतका कमी होता की जोड्या जुळायला नकोत. तरी जुळल्या, कारण सगळे पायरीन मिसेलांच्या पोटात दाटीवाटीने बसले होते. (सेलिंगर नंतर ऑस्ट्रेलियात परतले आणि घरगुती वापराच्या रसायनांवर सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहून तिथे घराघरांत पोहोचले.)

पायरीनच्या उजेडात आणखी एक खुबी होती. त्याच्या वर्णपटात पाच शिखरं दिसतात. पहिलं, ३७३ नॅनोमीटरच्या आसपासचं, रेणूच्या सममितीमुळे जवळपास निषिद्ध असतं. भोवतालचं द्रव ध्रुवीय असेल तर ही बंदी सैल पडते आणि ते शिखर वाढतं. ३८४च्या आसपासचं तिसरं शिखर मात्र फारसं कमी-जास्त होत नाही. जपानचे नाकाजिमा यांनी १९७१ साली निरनिराळ्या द्रावकांत हा परिणाम नोंदवला. तो मिसेलकडे वळवला अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात, भारतातून गेलेले के. कल्याणसुंदरम आणि मूळचे ब्रिटिश जे. केरी थॉमस यांनी, १९७७ साली. दोन शिखरांचं गुणोत्तर पाण्यात सुमारे १.८ भरतं, सायक्लोहेक्झेनमध्ये ०.६च्या आसपास. सोडियम डोडेसिल सल्फेट या नेहमीच्या डिटर्जंटच्या द्रावणात ते आधी पाण्याइतकं असतं आणि दाटी वाढवत नेली की एका ठरावीक टप्प्यावर झपकन उतरून १.१च्या जवळ स्थिरावतं. हा उतार म्हणजे मिसेलचा जन्म. २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे आठ मिलिमोलच्या थोडं पुढे.

ही पद्धत इतकी लोकप्रिय का झाली, याचं उत्तर भव्य नाही. ती स्वस्त होती. कुठल्याही बऱ्या महाविद्यालयातला फ्लुओरोमीटर, चिमूटभर पायरीन आणि एक दुपार, एवढ्यात आलेख निघतो. त्यात पायरीनवर विद्युतभार नाही, म्हणून पिनासायनॉलची खोड त्याला नाही. आणि लागतोही मायक्रोमोलच्या घरात, इतका कमी की मिसेलला त्याची गैरसोय होत नाही.

एका मिसेलमध्ये रेणू किती, हा प्रश्न तरी उरला होता. त्यावरची १९७८ची युक्ती मला आजही सुंदर वाटते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात निकोलस टुरो आणि अहमद येक्ता यांनी दोन पाहुणे एकाच वेळी आत सोडले. एक रुथेनियमचं प्रकाश देणारं संयुग, दुसरं प्रकाश विझवणारं मिथिल अँथ्रासीन. दोघेही मिसेलकडे ओढले जातात. ज्या मिसेलमध्ये विझवणारा पोहोचला तिथला दिवा गेला, जिथे नाही तिथला शाबूत. विझवणारे मिसेलांत कसे वाटले जातात? कुणाच्याही सांगण्यावाचून, निव्वळ योगायोगाने. अशा वाटणीचं गणित फ्रान्सचे प्वासाँ यांनी एकोणिसाव्या शतकातच करून ठेवलं होतं. त्या हिशेबाने, उजेड मूळच्या ३७ टक्क्यांवर आला की समजायचं, सरासरीने मिसेलमागे एक विझवणारा आहे. विझवणारे किती घातले हे आपल्याला माहीत असतं, म्हणजे मिसेल किती हेही कळलं! डिटर्जंटच्या एकूण रेणूंतून सुटे राहिलेले वजा करायचे आणि उरलेल्यांना मिसेलांच्या संख्येने भागायचं. सोडियम डोडेसिल सल्फेटसाठी उत्तर आलं साठच्या आसपास, आणि प्रकाशाच्या विखुरण्यावरून आधी काढलेल्या आकड्यांशी ते जुळलं.

हे जमण्यामागे काळाचं एक गणित आहे. स्वीडनमध्ये अॅनियान्सन आणि वॉल यांनी सत्तरच्या दशकात दाखवलं होतं की मिसेलमधून एकेक रेणू मायक्रोसेकंदांच्या अवधीत ये-जा करत असतात. अख्खी मिसेल मोडायला मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त लागतात. बहुतेक फ्लुओरेसंट रेणूंचा उजेड काही नॅनोसेकंदांत संपतो, पायरीनचा आणि त्या रुथेनियम संयुगाचा काहीशे नॅनोसेकंद टिकतो. म्हणजे पाहुण्याच्या दृष्टीने मिसेल जवळपास स्थिर उभी असते. नोत्र दाममध्येच इन्फेल्टा, ग्रेट्सेल आणि थॉमस यांनी १९७४ साली या विझण्याचं काळानुसार गणित मांडलं होतं. यातले मिखाएल ग्रेट्सेल म्हणजे पुढे रंगद्रव्यावर चालणाऱ्या सौर घटासाठी जगभर ओळखले गेलेले तेच.

इतकं सगळं जमून आल्यावर वाद मिटायला हवा होता. उलट पेटला. मिसेलच्या पोटात गेलेले बरेच पाहुणे सांगत होते की इथे पाणी आहे. पायरीनचा १.१ हा आकडाच पाहा. तेलाच्या थेंबातला तो नव्हे. एमरी विद्यापीठाचे फ्रेड्रिक मेंगर यांनी १९७९ साली हार्टली यांचा सुबक गोल मोडीत काढायला घेतला. त्यांच्या मते मिसेल खडबडीत होती, खाचाखोचांतून पाणी बरंच आत शिरत होतं. दुसऱ्या बाजूने पुन्हा मुखर्जीच उभे राहिले, आता विस्कॉन्सिनमधून. १९७८ साली कार्डिनल या सहकाऱ्यासह त्यांनी बेन्झिनवर्गीय रेणूंविषयी दाखवलं की ते सगळे मिसेलच्या गाभ्यात बसत नाहीत, त्यांतला मोठा वाटा काठावर, डोक्यांच्या आणि पाण्याच्या सीमेवर राहतो. काठावर बसलेल्याला पाणी दिसणारच. त्यावरून गाभा ओला ठरवणं चूक. आणि मिसेल एवढी लहान की तिचा मोठा भाग काठच असतो.

निवाडा शेवटी प्रकाशाने नव्हे, न्यूट्रॉनने दिला. फ्रान्समध्ये काबान, द्युप्लेसी आणि झाँब यांनी १९८५ साली सोडियम डोडेसिल सल्फेटच्या मिसेलवर बारकाईने न्यूट्रॉन विखुरण्याचे प्रयोग केले आणि गाभ्यात पाणी जवळपास नाही, असं आढळलं. पृष्ठभाग खडबडीत असल्याचं मेंगर यांचं म्हणणं मात्र पुरतं खोटं ठरलं नाही. शेपट्या अस्ताव्यस्त असतात, त्यांची टोकं अधूनमधून काठावरही येतात.

यानंतर चाणाक्ष संशोधकांनी एक गोष्ट केली. पाहुणा काठावर बसतो तर बसू दे, काठाचाच अभ्यास करू. कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये, म्हणजे रामन यांच्या संस्थेत, कंकण भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली कुमारीन रंग मिसेलमध्ये घालून पाहिलं की उत्तेजित रेणूभोवती पाणी किती वेळात नव्याने मांडणी करतं. मोकळ्या पाण्यात हे काम एका पिकोसेकंदाच्या आत उरकतं. मिसेलच्या काठावर त्याला शेकडो पिकोसेकंद लागत होते. प्रथिनांच्या आणि पेशीच्या पटलाच्या पृष्ठभागावरचं पाणीही असंच जड चालीचं असतं, म्हणून या मोजमापाला साबणाच्या पलीकडे किंमत आली.

पायरीन तोवर औषधांकडे निघाला होता. टोरोंटोचे मिचेल विनिक आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली पॉलिमरच्या मिसेल लिटरमागे काही मिलिग्रॅम इतक्या विरळ द्रावणातही जुळतात, हे त्याच्याच मदतीने दाखवलं. रक्तात मिसळल्यावर पातळ होऊनही न मोडणारी औषधवाहू मिसेल हवी असेल, तर हाच आकडा पाहावा लागतो. आणि २००१ साली हाँगकाँगच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात बेन झोंग तांग यांच्या गटाला नेहमीच्या उलट वागणारे रेणू सापडले: एकेकटे असताना मंद, आणि पाणी वाढवून त्यांना गोळा व्हायला लावलं की झळाळणारे. यांना वेगळा पाहुणा लागतच नाही. जो जुळतो तोच उजळतो.

आज पायरीनचा आलेख पदव्युत्तर वर्गात एका तासात काढून घेतात आणि सीएमसीचा आकडा वहीत उतरवतात. तो पडताळायचा तर अजूनही मुखर्जी आणि मायसेल्स यांनी १९७१ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्ससाठी केलेलं संकलन उघडावं लागतं. त्यात दोघांनी तोवरचे प्रसिद्ध आकडे नुसते जमवले नाहीत, कुठला कितपत भरवशाचा तेही पारखून नोंदवलं. मिसेलच्या इतिहासात मॅकबेन, हार्टली आणि पायरीनवाले यांची नावं येतात, ती यायलाच हवीत. त्यांच्या रांगेत पशुपती मुखर्जी यांचं नाव फार क्वचित घेतलं जातं, आणि माझ्या मते हा सरळसरळ अन्याय आहे.